एकलकोंड्याची पूर्व बाजू

रोज सकाळी दहाच्या ठोक्याला लेकीचा फोन यायचा. ती विचारायची, "बाबा, गोळी घेतलीत का?" आणि म्हातारा सांगायचा, "घेतली." घेतलेली असो वा नसो. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने रक्तदाबाच्या एका पिवळ्या गोळीपायी पोटच्या पोरीशी खोटं बोलावं हे काही शोभण्यासारखं नव्हतं. पण त्याचं म्हणणं असं की खोटं दोन प्रकारचं असतं, एक कुणाचं तरी नुकसान करणारं आणि दुसरं कुणाचंच न करणारं. या दुसऱ्या प्रकारावर त्याची भारी श्रद्धा होती. त्याने जन्मभर सरकारी नकाशे काढले होते आणि त्या धंद्यात त्याशिवाय चालतच नाही. रस्ता खऱ्या मापाने काढला तर कागदावर केसाइतकाही दिसायचा नाही, म्हणून तो जाड काढायचा. नदीला खेटून रेल्वे जात असेल तर रेल्वे जरा बाजूला सरकवायची. सगळेच सरकवतात.

त्याच्या हातचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. कचेरीत त्याला कुणी नावाने हाक मारलीच नाही, सगळे 'सर' म्हणायचे. बैठकीच्या खोलीत भिंतीवर त्याने काढलेल्या एका नकाशाची प्रत काचेत बसवून टांगलेली होती. मूळ नकाशा कचेरीत होता आणि नवीन भरती झालेल्यांना अजून तो दाखवायचे, की बघा, असं काम करायचं असतं. त्या नकाशाच्या उजव्या कडेला, चौकटीपासून अंगठ्याच्या रुंदीवर, एकलकोंडा उभा होता.

सगळी आवराआवर झाल्यावर एखादं भांडं ओट्यावर तसंच राहून जावं, तसा तो सपाट माथ्याचा डोंगर मैदानात एकटा राहून गेला होता. बापाने त्याचं अंग काढलं आणि लेकीने पोट वाचलं, असं घरात गमतीने म्हणत, कारण लेक त्याच सरकारच्या भूगर्भ खात्यात होती. तिनेच एकदा समजावलं होतं. खाली लाल, मऊ, मातकट दगडाचे थर आणि वर काळ्या टणक दगडाचं जाड झाकण. एके काळी सगळं मैदानच त्या उंचीवर होतं, ते वाऱ्यापावसाने खरवडून नेलं; इथे झाकण टिकलं म्हणून खालचंही टिकलं. पण मऊ थर कडेने आत आत पोखरत जातात, झाकणाची कड अधांतरी राहते आणि एक दिवस तिला स्वतःचंच वजन पेलत नाही. दिवसभर तापलेला दगड पहाटे गार होऊन आक्रसतो, तेव्हा बहुधा ती वेळ येते.

"म्हणजे म्हाताऱ्या माणसासारखंच की," तो म्हणाला होता.

"नाही बाबा, म्हातारा माणूस आधी कुरकुरतो."

नावांच्या बाबतीत मात्र या डोंगराचं नशीब फुटकं होतं. ज्याने त्याला पहिल्यांदा कागदावर उतरवला त्या लष्करी मोजणीदाराने बढतीच्या आशेने आपल्या वरिष्ठाचं नाव त्याला देऊन टाकलं. वरिष्ठाने डोंगर जन्मात पाहिला नाही आणि मोजणीदाराला बढतीही मिळाली नाही. पुढच्या छपाईत 'टेकडी क्रमांक सत्तेचाळीस' आली, जणू बिचारी तुरुंगात पडली होती. मालाच्या गाड्या हाकणारे तिला नुसतं 'खूण' म्हणायचे, कारण चार दिवसांच्या सपाट वाटेत नजर ठरायला दुसरं काही नव्हतंच. मग शहरातल्या लोकांनी 'एकलकोंडा' म्हटलं आणि ते चिकटलं. गंमत अशी की पायथ्याशी पिढ्यानुपिढ्या शेळ्या चारणाऱ्यांनी अख्ख्या डोंगराला नाव असं दिलंच नव्हतं. त्यांची नावं होती ती एकेका बाजूची. उत्तरेला 'दुपारची सावली', दक्षिणेला 'पाझर' आणि आणखी एका बाजूला 'निजू नये'.

त्या दिवशी दहाला फोन आला तेव्हा लेकीने गोळीचं विचारलंच नाही. ती एकलकोंड्याच्या पायथ्याहून बोलत होती आणि तिला धाप लागली होती. माथ्यावर एक भेग होती, तिच्यावर तिने गेल्या वर्षी काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवून ठेवल्या होत्या. डोंगर हलला की काच तडकते, इतकं साधं ते काम. सकाळी चढून पाहिलं तर तीनपैकी दोन पट्ट्या तुटलेल्या आणि भेग बोटभर उघडलेली. पश्चिमेच्या पायथ्याशी वीटभट्टीच्या कामगारांची वस्ती होती, त्रेसष्ट कुटुंबं. त्यांना तातडीने हलवायचं होतं. पूर्वेचं मैदान जवळ, सपाट आणि स्वच्छ, पाण्याचा नळही होता. तिथे तंबू ठोकायला सुरुवात झाली होती.

"पश्चिमेलाच कशावरून?" म्हाताऱ्याने सहज विचारलं.

पायथ्याचे सगळे पडके धोंडे पश्चिमेलाच आहेत, पूर्वेला एकही नाही, असं ती म्हणाली. आणि नकाशातलं ते 'निजू नये' पश्चिमेलाच आहे की. तुमच्याच हातचं. त्यावरूनच तर गेल्या वर्षी पट्ट्या कुठे लावायच्या ते ठरवलं. मग ती थकल्यासारखी हसली. बाकी सगळे निमूट निघाले होते, पण एक शेळ्यावाली म्हातारी शेळ्यांसकट वाटेत बसकण मारून बसली होती आणि काही केल्या उठत नव्हती.

"म्हणते, तिकडे निजायचं नसतं. आई सांगायची म्हणे. आता सांगा, हिला नकाशा वाचायला कोण शिकवणार?"

म्हाताऱ्याला सगळं एका क्षणात आठवलं, आणि आठवलं म्हणण्यापेक्षा विसरता आलेलं नाही हे कळलं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी पाहणी करून आलेल्या माणसाची वही त्याच्या टेबलावर होती. तीत डोंगराच्या उजव्या अंगाला पेन्सिलीने लिहिलेलं होतं: पूर्व पायथा, निजू नये, शेळ्या राखणारे सांगतात. पण पूर्वेला चौकटीपर्यंत जागा उरली होती अंगठाभर. एकही अक्षर चौकटीबाहेर जाता कामा नये हा कचेरीचा पहिला नियम, आणि शेजारचा नकाशा दुसऱ्याच्या हातचा, तोही छापायला गेलेला. तेव्हा त्याने ते नाव उचललं आणि पश्चिमेला ठेवलं, जिथे पांढरी जागा मुबलक होती. नाव त्या डोंगराचंच, मग इकडे काय आणि तिकडे काय. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, तेव्हा तो म्हणालाही होता की शेळ्या काही नकाशा वाचत नाहीत. दोघे हसले होते.

"बाबा? ऐकताय ना?"

तेव्हाच बोलायचं होतं. तीन शब्द पुरले असते. पण तोंडातून बाहेर पडलं ते नुसतं "हं". लेक म्हणाली की ती आता वर जातेय, तिथे फोन लागणार नाही, आणि फोन बंद झाला. म्हातारा हातातल्या फोनकडे पाहत राहिला. आपण घाबरलो आणि गप्प बसलो, हे त्याला स्वच्छ समजत होतं. डोंगराची भीती त्याला नव्हती. लेकीसमोर आपलं मोत्याचं अक्षर खोटं ठरेल, या भीतीने त्याची जीभ उचलली नव्हती.

अर्ध्या मिनिटाने त्याने फोन लावला. लागला नाही. सात वेळा लावला. मग त्याने भिंतीवरचा नकाशा खिळ्यावरून काढला, तो छातीशी धरला आणि रस्त्यावर येऊन टॅक्सीला हात केला.

निवृत्त झाल्यापासून त्याने कचेरीत पाऊल ठेवलं नव्हतं. शाईचा वास गेला होता आणि उतरत्या टेबलांच्या जागी संगणकाचे पडदे आले होते. मोठे साहेब म्हणजे त्याचाच चेला, दोन वर्षं त्याच्या हाताखाली रेघा ओढलेला. ते बैठकीतून परत येईपर्यंत तीन वाजले. साहेब खुर्चीतून उठले, त्यांनी सरांना पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा गंभीर होण्याऐवजी कनवाळू होत गेला, आणि ते म्हाताऱ्याला जास्त लागलं.

"सर, वय झालं की माणसाला मागचं उगाच टोचायला लागतं," साहेब म्हणाले. "तुमच्या नकाशात चूक? मला कुणी सांगितलं तर मी त्याला हाकलून देईन."

म्हाताऱ्याने पुन्हा सांगितलं. साहेबांनी शांतपणे एकेक मुद्दा मांडला. छापलेला नकाशा पश्चिम म्हणतो. भूगर्भवाल्या बाईंचा, म्हणजे तुमच्याच लेकीचा, अहवाल पश्चिम म्हणतो. पूर्वेला एक धोंडा पडलेला नाही. आणि दुसऱ्या पारड्यात काय, तर एक शेळ्यावाली आणि तुमची आठवण. छापलेल्या नकाशाशी वाद घालायचा नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. ती जुनी वही असेल तर तळघरात असेल, पण तळघरातल्या पेट्या गेल्या महिन्यात हलवल्यात. दोन माणसं लावतो, उद्या सकाळपर्यंत सापडेल. एका रात्रीचा तर प्रश्न आहे.

खरं सांगायचं तर म्हाताऱ्याला बरं वाटलं. ते वाटू नये असं त्याला वाटत होतं, तरी वाटलं. आपण आलो, सांगितलं, आपलं काम झालं. आता जे होईल ते साहेबांच्या डोक्यावर. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे त्याला काय माहीत नव्हतं, पण माणूस झाकून पाहतोच. त्याने नकाशा काखेत मारला, मान डोलावली आणि तो दारापर्यंत गेलाही.

"आणि काळजी करू नका," साहेब मागून म्हणाले. "त्या म्हातारीचं ऐकून लोकही तिथे झोपायला कां कूं करू लागले, म्हणून बाई स्वतः आज पहिल्या तंबूत झोपणार आहेत. डोंगराला अगदी चिकटून. त्या झोपल्या म्हटल्यावर लोकही झोपतील."

म्हातारा दारातच थांबला. चौकटीला हात लावून थोडा वेळ उभा राहिला. साहेबांना वाटलं चक्कर आली, म्हणून ते खुर्ची घेऊन धावले. पण तो मागे वळला, टेबलापाशी आला, साहेबांच्या कागदांवरच त्याने आपला नकाशा पालथा घातला आणि पाठीमागची पुठ्ठ्याची पट्टी नखाने उचकटून काचेतून प्रत बाहेर काढली.

"हे बघ," तो म्हणाला. आवाज जुना, टेबलाटेबलांवरून फिरणारा. "ही तुटक रेघ काय आहे?"

साहेबांनी भिंग घेतलं. दक्षिणेकडून चौकटीला धरून एक बारीक तुटक रेघ वर येत होती आणि एकलकोंड्याच्या पूर्व पायथ्याशी संपत होती. उखडलेला रेल्वेफाटा, ते म्हणाले.

"रिकाम्या मैदानात रेल्वेचा फाटा कोण कशाला नेईल?"

साहेबांनी भिंग रेघेच्या टोकावर नेलं, तेव्हा म्हाताऱ्यानेच सांगितलं.

"खडी न्यायला. पूर्वेला धोंडे नाहीत कारण ते रेल्वेने फोडून नेले, सगळे. ऐंशी वर्षांपूर्वी. सगळ्या मार्गाला पुरतील इतके धोंडे त्या बाजूला पडलेले होते. मी ही रेघ स्वतः ओढली आणि कधी विचार केला नाही. माझ्या लेकीने स्वच्छ मैदान पाहिलं, तिची काय चूक? तिने बापावर विश्वास ठेवला."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. पण ते नोकरीत मुरलेले होते. पटलं, ते म्हणाले, पण माझ्या पटण्यावर तीनशे माणसं दुपारी चार वाजता पुन्हा उठवता येत नाहीत. वरून विचारतील कशाच्या आधारावर, तर काय दाखवू? नकाशा अजून पश्चिमच म्हणतो.

"मग नकाशा बदल. लाल शाई आण."

त्या कचेरीत एक जुना नियम होता, आणि तो लिहिणाऱ्यांत म्हातारा स्वतः होता. मूळ नकाशाच्या कोपऱ्यात ज्याची आद्याक्षरं असतील त्याने, तो हयात असेल तर, त्याच कागदावर लाल शाईने दुरुस्ती करून सही केली की ती त्या घटकेपासून लागू. ना समिती, ना वही. गेल्या तीस वर्षांत हा नियम कुणी वापरला नव्हता, कारण आपल्या हाताने आपलंच काम लाल करायला कोण येतो? साहेबांनी अडखळत सांगितलं की सर, मग चौकशी होईल, हा नकाशा नव्या पोरांना दाखवणं बंद होईल आणि तुमच्या बाकीच्या नकाशांवरही लोक बोट ठेवतील. म्हातारा म्हणाला, ठेवू देत, त्यांतही सापडेल काहीतरी.

मूळ नकाशा खणातून काढून आणला. लाल शाईची बाटली सुकलेली निघाली, तिच्यात थेंब थेंब पाणी घालून ती ढवळावी लागली, आणि घड्याळ तोवर पावणेपाचवर गेलं होतं. टाक शोधायला दहा मिनिटं गेली. म्हाताऱ्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पश्चिमेच्या पांढऱ्या जागेतल्या त्या दोन शब्दांवर आडवी रेघ मारली. इतकं सुरेख अक्षर होतं ते. रेघ वाकडी गेली.

मग पूर्वेची बाजू. जागा तीच, अंगठाभर. एक्केचाळीस वर्षांत ती काही वाढली नव्हती. त्याने 'निजू' लिहिलं आणि टाक चौकटीच्या जाड काळ्या रेघेला येऊन भिडला. म्हाताऱ्याने रेघ ओलांडली आणि 'नये' बाहेरच्या कोऱ्या समासात लिहिलं, लहान मुलाच्या अक्षरात, उतरतं. खाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली. मला तेव्हा हे करता आलं असतं, इतकं सोपं होतं हे, असं तो म्हणाला. कुणाला उद्देशून म्हणाला ते साहेबांना कळलं नाही. ते वायरलेसच्या खोलीकडे धावत सुटले होते.

निरोप पायथ्याशी पोचला तेव्हा उन्हं उतरत होती. लोकांनी पोलिसांना शिव्या घातल्या, सरकारला घातल्या, नकाशे काढणाऱ्यांच्या सात पिढ्यांना घातल्या. सकाळी इकडून तिकडे, संध्याकाळी तिकडून आणखी कुठे. आम्ही काय सोंगट्या आहोत? तीन किलोमीटरवरच्या बसडेपोच्या छपराखाली सगळ्यांना नेलं. तंबू काढायला वेळ नव्हता, ते तसेच राहिले. पुढे कळलं की शेळ्यावाली म्हातारी मात्र न सांगता उठली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली. या सगळ्याचा तपशील म्हाताऱ्याला त्या दिवशी मिळाला नाही. लोक हलले, एवढंच साहेबांनी कळवलं. तो घरी आला आणि रिकाम्या खिळ्यासमोर खुर्चीत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दहाला फोन आला. लेकीचा आवाज बसला होता.

"पहाटे गेली कड," ती म्हणाली. "पूर्वेची. भेग वळून तिकडेच गेली होती, मी फक्त पश्चिमेचं टोक बघत राहिले. सगळे तंबू गाडले गेले, बावीसच्या बावीस."

"रिकामे?"

"रिकामे."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. पलीकडे धुळीने खोकणारी माणसं ऐकू येत होती, कुठेतरी शेळी ओरडत होती. लेक काय विचारणार ते त्याला ठाऊक होतं, आणि तिने ते विचारलं.

"बाबा, काल मी म्हातारीचं सांगितलं, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना?"

आदल्या दिवसाइतकंच हेही अर्धं मिनिट होतं. फक्त या वेळी तो बोलला.

"हो. लगेच कळलं होतं."

"आणि अजून एक," तो म्हणाला, कारण आता जागा नाही म्हणून काही गाळायचं नव्हतं. "साहेब म्हणाले उद्या बघू, तर मी घरी यायला निघालो होतो. दारापर्यंत गेलो होतो. तू तिथे झोपणार आहेस हे कळलं म्हणून परत फिरलो. नुसती ती माणसं असती तर फिरलो असतो का, मला सांगता येत नाही."

त्याला वाटलं ती आता फोन ठेवेल, आणि ठेवला असता तर त्याला राग आला नसता. मग तिने नाक ओढल्याचा आवाज आला.

"गोळी घेतलीत का?" तिने विचारलं.

गोळीची पट्टी समोर टेबलावरच होती, परवापासून न फोडलेली.

"नाही," म्हातारा म्हणाला. "आता घेतो."